बत्तिसाव्या हिश्श्याचे मिग

मोठ्या मापाच्या विमानाच्या किटला बाहेरून घेतलेले सुटे भाग कशासाठी जोडायचे, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: बारकावे वाढावेत म्हणून. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि बरीच मॉडेल्स याच उत्तरापायी बिघडतात असे माझे मत आहे. रेझिनमध्ये ओतलेले वैमानिकाचे आसन, पितळेच्या पातळ पत्र्यातून आम्लाने कोरलेले पट्टे, लेथवर कातलेली पिटो नळी, चाकांची नवी जोडी, यांपैकी प्रत्येक भाग खऱ्या विमानाविषयी काहीतरी ठामपणे सांगत असतो. या विमानात हेच आसन होते, ही नळी याच जागी होती, टायरवर असेच खाचे होते. म्हणजे सुटा भाग हा एक दावा असतो. दावा खरा असेल तर तो भाग प्लास्टिकच्या मूळ भागापेक्षा आपल्याला खऱ्या विमानाच्या जवळ नेतो. खोटा असेल तर तो जितका सुबक, तितका अधिक फसवा, कारण सुबकपणामुळे तपासणारी नजर तिथे थांबतच नाही. म्हणून भाग निवडताना ‘किती बारीक केला आहे’ हा प्रश्न मागाहून यावा आणि ‘कशावरून केला आहे’ हा आधी. नंदुरबारात बसून हे काम करणाऱ्याला तर हा क्रम पाळावाच लागतो. इथे दुकानात जाऊन भाग हातात घेऊन पाहण्याची सोय नाही. जे मागवायचे ते लांबून, पैसे आधी भरून आणि परत करण्याची आशा न धरता.

हा मुद्दा मी मिग-२१ च्या आधारे मांडतो, कारण आपल्याकडे पुरावा तपासण्याची संधी याच विमानाबाबत सर्वांत जास्त आहे. १९६३ मध्ये चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून हवाई दलात त्याची सुरुवात झाली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच त्याला निरोप देण्यात आला. या बासष्ट वर्षांत आठशेहून अधिक मिग-२१ हवाई दलात आली आणि त्यांतली सहाशेहून अधिक भारतात, नाशिकजवळच्या ओझरला तयार झाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ मध्ये याच विमानासाठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी होती. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्याचा भाग होता, १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला. पण आज दोन्हींचा महसुली विभाग नाशिकच आहे. त्यामुळे मिग-२१ ही आमच्या विभागातल्या कामगारांच्या हातची वस्तू आहे, असे मी म्हणतो. या कारखान्याचा आरंभही या लेखाच्या विषयाशी जुळणारा आहे. सुरुवातीची विमाने सोव्हिएत संघातून अर्धवट जोडलेल्या अवस्थेत आली आणि ओझरला पूर्ण झाली. पुढे पूर्ण सुटे भाग येऊ लागले आणि त्यानंतरच्या टप्प्यात कच्च्या मालापासून इथेच विमान बनू लागले. आलेला भाग नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय बसवायचा नाही, ही शिस्त त्या कारखान्याला पहिल्या दिवसापासून लागली असणार. मॉडेल करणाऱ्याने उसनी घ्यावी अशी तीच शिस्त आहे.

आधी हे पाहायला हवे की किटमधला मूळ भाग कमी का पडतो. त्यामागे बनवणाऱ्याचा आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा पदार्थ आणि साचा यांची मर्यादा असते. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरतात. ते सगळीकडे पोहोचावे आणि थंड होताना खड्डे पडू नयेत म्हणून भिंत एका ठरावीक जाडीची ठेवावी लागते. ती साधारण एक मिलिमीटर धरली, तर १/३२ मापात ती खऱ्या विमानावर बत्तीस मिलिमीटर होते. कुठल्याही लढाऊ विमानाचा पत्रा तीन सेंटिमीटर जाड नसतो. म्हणून इंजिनाच्या नळकांड्याची कड, चाकांच्या दारांची कड, हवा आत घेणाऱ्या तोंडाचा ओठ या जागा प्लास्टिकमध्ये जाडजूड दिसतात आणि डोळ्याला नेमके कारण न कळताही ‘हे खेळणे आहे’ असे वाटते. दुसरी अडचण साच्याच्या दिशेची. साचा सरळ उघडावा लागतो, त्यामुळे ज्या भागाला आत वळलेल्या खाचा आहेत तो एका तुकड्यात निघत नाही आणि आसनाच्या बाजू सपाट राहतात. रेझिन रबराच्या मऊ साच्यात ओततात. रबर ताणून भाग बाहेर काढता येतो, म्हणून आसनाखालच्या पोकळ्या आणि उशीच्या घड्या त्यात उतरतात. पितळेचा पत्रा एक ते दोन दशांश मिलिमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या मापात तीन ते सहा मिलिमीटर. पट्टे, बकल, पातळ कड यांसाठी तो योग्यच आहे. पण पितळ सपाट असते हेही विसरता कामा नये. खटका, मूठ, नळी अशा गोल वस्तू पितळेच्या पत्र्यात कोरल्या की प्लास्टिकचे जाड खोटे जाऊन पितळेचे चपटे खोटे येते. एकाच भागासाठी पितळेची पट्टी आणि प्लास्टिकचा जाड पण गोल दांडा यांपैकी निवड करायची झाली, तर मी अनेकदा प्लास्टिकचाच दांडा तासून बारीक करणे पसंत करतो. प्रत्येक पदार्थ कुठल्या तरी एका आकाराशी प्रामाणिक असतो, आणि हे ध्यानात आले की संचातला अर्धा माल न लावता बाजूला ठेवण्याचे धैर्य येते.

किती बारकावा पुरे, याचेही उत्तर आवडीवर सोडायचे कारण नाही, ते मोजता येते. मॉडेल आपण साधारण तीस सेंटिमीटरवरून पाहतो. १/३२ मापात याचा अर्थ खऱ्या विमानापासून साडेनऊ मीटरवर उभे राहणे. त्याच अंतरावरून १/७२ चे मॉडेल पाहणे म्हणजे एकवीस मीटरहून जास्त दूर उभे राहणे. चांगल्या डोळ्याला सुमारे एक कलामिनिटाचा कोन ओळखता येतो. तीस सेंटिमीटरवर तो नऊ शतांश मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि बत्तीसपटीने खऱ्या विमानावरचे सुमारे तीन मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानावर तीन मिलिमीटरपेक्षा लहान असलेली गोष्ट १/३२ मध्ये कितीही कौशल्याने केली तरी नुसत्या डोळ्याला ती दिसणार नाही. याउलट मिग-२१ चा पंख सात मीटर पंधरा सेंटिमीटरचा, मॉडेलमध्ये बावीस सेंटिमीटर. लांबी पिटो नळीसकट पावणेसोळा मीटर, मॉडेलमध्ये एकोणपन्नास सेंटिमीटर. इतक्या लांबीत आसनाची उंची, नळकांड्याची कड, टायरचा फुगवटा या गोष्टी ठळक दिसतात आणि त्यांतली चूकही तितकीच ठळक दिसते. मोठ्या मापात सुट्या भागांची गरज वाढते ती यामुळे. माप वाढले की नजर विमानाच्या जवळ जाते, आणि जवळून पाहणाऱ्याला फसवणे अवघड असते. यावर कोणी म्हणेल की हल्ली मॉडेल डोळ्यांनी कमी आणि कॅमेऱ्याच्या जवळच्या भिंगातून जास्त पाहिले जाते, मग तुमच्या तीन मिलिमीटरला काय अर्थ? आक्षेप योग्य आहे. भिंगासाठी काम करणाऱ्याने मर्यादा खाली आणावी. पण मग भिंगातून पितळेचा चपटेपणा, रेझिनमधला हवेचा बुडबुडा आणि रंगाचा जाड थरही तितकाच दिसतो, हे मान्य करून आणावी.

आता पुराव्याचा सर्वांत नेमका नमुना घेऊ. ओझरला पहिल्यांदा मोठ्या संख्येने बनले ते मिग-२१ एफएल, हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. १९७१ च्या युद्धातले प्रसिद्ध मिग हेच. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानी एफ-१०४ पाडले ते जामनगरच्या ४७ स्क्वाड्रनच्या एफएलने, आणि १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागली तीही एफएलनीच. साहजिकच भारतीय मिग करायला घेणाऱ्या अनेकांना हेच विमान करावेसे वाटते. या विमानाची काचेची छत्री वाऱ्याच्या काचेसकट अख्खी एकच असते आणि पुढच्या बाजूला उचलली जाते. तसे का, तर त्यात एसके जातीचे आसन होते. वैमानिक बाहेर फेकला जाताना छत्री आसनाबरोबरच सुटून समोरच्या वाऱ्यापासून त्याला झाकेल, अशी ती रचना होती. नंतरच्या प्रकारांत ही रचना सोडून देण्यात आली. तिथे केएम-१ आसन आले, समोरची काच स्थिर झाली आणि छत्री उजव्या बाजूला उघडू लागली. बाजारात ‘मिग-२१ चे आसन’ म्हणून मिळणारे अत्यंत देखणे रेझिनचे आसन बहुधा केएम-१ असते, कारण नंतरच्या प्रकारांची किटे जास्त खपतात. ते एफएलमध्ये बसवले तर मॉडेल अशा विमानाचे होते जे कधी उडालेच नाही. किटमधले ओबडधोबड एसके आसन तासून, त्याला पट्टे लावून वापरले असते तर ते दिसायला साधे झाले असते, पण खरे राहिले असते. पिटो नळीचेही तसेच. एफएलवर ती नाकाच्या वर मध्यरेषेत, तर पुढच्या एम आणि बिस प्रकारांवर उजवीकडे सरकलेली. कातलेली पितळी नळी सरळ, गोल, टोकाला अणकुचीदार असते आणि प्लास्टिकच्या नळीपेक्षा सर्वार्थाने चांगली. पण ती चुकीच्या भोकात बसवली तर सगळे मुसळ केरात. एफएलच्या पोटात तोफ नव्हती. युद्धात गरजेला जीपी-९ नावाचा तोफेचा खोका पोटाखाली मध्यभागी टांगला जाई. त्यात दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ आणि दोनशे गोळ्या असत. कच्छवर ज्या एफएलने एफ-१०४ पाडले त्याने तोफच वापरली होती. तेव्हा बारा डिसेंबरचे विमान करणाऱ्याने आसनाच्या पट्ट्यांवर खर्च करण्याआधी या खोक्याच्या आकारावर कष्ट घ्यावेत. दहा मीटरवरून तो पट्ट्यांपेक्षा कितीतरी आधी दिसतो.

टाइप ९६, म्हणजे एम, हे काम त्या मानाने सोपे. मोठ्या मापात ट्रम्पेटर या चिनी कंपनीचे १/३२ एमएफ किट आहे. एम आणि एमएफमध्ये इंजिन आणि रडार वेगळे असले तरी बाहेरून ती दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात, त्यामुळे ओझरच्या एमसाठी ते किट थोड्या बदलाने चालते.

बायसनची गोष्ट वेगळी, आणि मला तिच्यात या सबंध छंदाचे सर्वांत चांगले समर्थन दिसते. १९९० च्या दशकात मिग-२१ बिस जुने होत चालले, तेव्हा त्यातल्या सव्वाशे विमानांना नवे भाग बसवून त्यांचे बायसन करायचे ठरले. पहिल्या दोन विमानांवर रशियात काम झाले, त्यांतले पहिले १९९८ मध्ये उडाले, बाकीची ओझरला झाली. रडार रशियन कोप्यो, दिशादर्शन यंत्रणा फ्रेंच, शत्रूच्या रडारची चाहूल देणारे तरंग हे उपकरण भारतीय, क्षेपणास्त्रे आर-७३ आणि आर-७७. तीन तुकड्यांची समोरची काच जाऊन तिथे एकसंध काच आली. पंखाच्या मुळाशी फ्लेअर फेकणारे डबे बसले. आतल्या जुन्या घड्याळांमध्ये चित्रपटल आले. आसन मात्र केएम-१ च राहिले. म्हणजे बायसन हे मूळ उत्पादकाच्या सांगाड्यावर निरनिराळ्या ठिकाणचे सुटे भाग चढवून घडलेले विमान आहे, आणि ते कोणी कमअस्सल म्हणत नाही. मॉडेलमध्ये बायसन करायचे तर हाच क्रम पुन्हा करावा लागतो. एमएफच्या किटपासून सुरुवात केली तर आधी पाठीचा कणा बिसप्रमाणे वाढवावा लागतो, मग समोरची काच बदलावी लागते, मग डबे, मग अँटेना. या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न ठेवावा: हे खऱ्या विमानावर कधी आले? एकसंध काच आणि तोंडावर जुनी रंगसंगती, किंवा डबे आहेत पण समोरची काच तीन तुकड्यांची, अशी मॉडेल्स मी अनेक पाहतो. सगळे भाग अस्सल, मिळून होणारे विमान मात्र काल्पनिक.

पुरावा आणायचा कुठून, यावर दोन शब्द. देशभर चौकांत, शाळा-महाविद्यालयांच्या आवारात, हवाई तळांच्या फाटकांशी मिग-२१ उभी आहेत आणि पहिली धाव तिकडेच जाते. पण प्रदर्शनासाठी उभ्या केलेल्या विमानावर भरवसा जपून ठेवावा. त्याचा रंग पुन्हा दिलेला असतो, अनेकदा मिळेल त्या छटेत. आतली उपकरणे काढून घेतलेली असतात. टायर, छत्री, कधी कधी पिटो नळीही दुसऱ्या विमानाची असते. आकारासाठी, पत्र्यांच्या जोडांसाठी, चाकांच्या खोबणीतल्या नळ्यांच्या मार्गासाठी ती उत्तम. रंगासाठी आणि चिन्हांसाठी नाही. उलट जुने कृष्णधवल छायाचित्र रंगाबद्दल मुके असले तरी विमान सेवेत असताना घेतलेले असते, त्यात छत्री कुठल्या बाजूला उघडली आहे आणि पंखाखाली दोन खुंट्या आहेत की चार, हे निर्विवाद कळते. एफएलला दोन, एमला चार. यात वादाला जागाच नाही. सुट्या भागांचे परदेशी उत्पादक, त्यांत चेक प्रजासत्ताकातली एडुआर्डसारखी नावाजलेली कंपनी आली, मुख्यतः युरोपातल्या विमानांवरून मोजमाप घेतात. मिग-२१ चेकोस्लोव्हाकियातही बनले होते, त्यामुळे त्यांच्याकडे अभ्यासाला खरी विमाने आहेत आणि त्यांचे काम गंभीर आहे. पण ओझरच्या विमानात हवाई दलाने आपल्या गरजेने जे फरक केले ते तिथल्या विमानात असणार नाहीत. ती तपासणी आपणच करायची.

कामाच्या जागेचाही पुराव्याइतकाच विचार करावा लागतो, कारण नंदुरबारचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. रेझिन उष्णतेने मऊ पडते. वाकडा भाग गरम पाण्यात धरून सरळ करायची जी युक्ती सर्वांना ठाऊक आहे, तीच क्रिया पत्र्याच्या छपराखाली आपोआप आणि उलट दिशेने होते. म्हणून जिथे भार सोसायचा आहे, उदाहरणार्थ चाकांचे पाय, तिथे रेझिन मी सुचवणार नाही. शिशासारख्या मऊ मिश्रधातूचे ओतीव पाय मिळतात, तेही वजनाने हळूहळू फाकतात. पितळेचे पाय टिकतात. वजनाचा प्रश्न मिग-२१ ला विशेष आहे, कारण शेपटीत रेझिनचे भरीव नळकांडे बसवले की विमान मागे टेकते. त्यावर उतारा म्हणून नाकातल्या शंकूमागे वजन भरावे लागते, आणि ते धड बंद करण्याच्या आधी, नंतर मार्ग नसतो. एअरब्रशमधला रंग उन्हाळ्याच्या दुपारी पृष्ठभागापर्यंत पोहोचेतो सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात लॅकर पांढुरके पडते. आमच्याकडे रंगकामाला दिवाळीनंतरचे महिने चांगले. पण या जिल्ह्यात ज्या गोष्टी सहज मिळतात त्याही सांगायला हव्यात. शेतीच्या पंपांमुळे मोटार वाइंडिंगची दुकाने तालुक्या-तालुक्याला आहेत आणि तिथली ३६ गेजची तांब्याची तार एकोणीस शतांश मिलिमीटर जाड असते. बत्तीसपटीने सहा मिलिमीटर, म्हणजे चाकांच्या खोबणीतल्या हायड्रॉलिक नळीचे माप. परदेशातून ‘नळ्यांचा संच’ मागवण्याची गरज उरत नाही. इंजेक्शनची पोलादी सुई, एम-सील, फेविक्विक, सोनाराकडची बारीक कानस आणि चिमटा, सुरतेच्या हिरेबाजारातले भिंग, एवढ्यावर कामाचा मोठा भाग निभतो. पितळेचा पत्रा वळवण्याआधी ज्योतीवर लाल करून मऊ करायचा, हे तर कुठलाही सोनार सांगेल.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला नेहमीचा: धड बंद केल्यावर आतले काही दिसत नाही, मग खर्च कशाला? हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि मी ते माझ्या बाजूचा मुद्दा म्हणून घेतो. मिग-२१ चे कॉकपिट अरुंद आणि खोल. छत्री बंद असेल तर आसनाचा माथा, आरसा, समोरच्या फलकाची वरची कड आणि बाजूच्या भिंतींचा वरचा तिसरा हिस्सा एवढेच दिसते. तेव्हा आसन घ्यावे, फलक घ्यावा, आणि जमिनीवरच्या पेडलांचा संच सोडून द्यावा. ‘आत आहे हे मला तर ठाऊक आहे’ असे समाधान ज्यांना हवे त्यांना मी अडवणार नाही, पण ते समाधान मॉडेलचा गुण नव्हे. दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: विकत आणलेला भाग बसवण्यात कारागिरी कसली, खरा कारागीर सगळे स्वतः घडवतो. यात तथ्य कमी आहे. रेझिनचा भाग ओतीव ठोकळ्यासकट येतो, तो कापावा लागतो. रेझिन थोडे आकसलेले असते, त्यामुळे कॉकपिटचा टब एकतर सैल बसतो किंवा धडाच्या भिंती आतून पातळ केल्याशिवाय बसतच नाही. प्लास्टिकसाठी चालणारा चिकट द्रव रेझिनला आणि पितळेला चालत नाही. दोन वेगळ्या पदार्थांचा जोड असा बुजवायचा की रंगाखाली रेघ उमटू नये, ही कारागिरी कुणाला हलकी वाटत असेल तर त्याने ती करून पाहावी. ओझरचे फिटर आणि रिव्हेटरही दुसऱ्याने घडवलेले भाग जोडत होते.

खर्चाचा आक्षेप मात्र जड आहे. किटपेक्षा सुट्या भागांचा एकूण खर्च जास्त, हे वारंवार होते. त्यात आयात शुल्क. खेळण्यांच्या वर्गात मोडणाऱ्या वस्तूंवरचे शुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये सत्तर. लहान मापाची मॉडेल्स याच वर्गात येतात. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा शुल्कामागचा उद्देश मला पटतो. पण चेक किंवा पोलिश कारखान्यातली कातलेली पिटो नळी लाकडी भवऱ्याशी स्पर्धा करत नाही, आणि ती इथे कोणी बनवत असते तर मी तीच घेतली असती. या परिस्थितीत खर्चाला उत्तर एकच: दाव्यांची छाननी करून यादी लहान करणे. १/३२ मिगसाठी माझी यादी आसन, पिटो नळी, नळकांडे, चाके आणि भारतीय चिन्हांचे डीकल अशी होते. बाकी प्लास्टिक, तार आणि वेळ.

याहून कठीण आक्षेप ज्या जिल्ह्यात हे काम चालते त्याच्याकडून येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात, कुपोषणाच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि तिथे बसून विमानाच्या खेळण्याला पितळी नळी? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देता येत नाही. हे काम त्या दुःखावर उपाय नाही आणि तसा दावा करणे निर्लज्जपणाचे ठरेल. मात्र दोन गोष्टी मला ठामपणे म्हणायच्या आहेत. नकाशा वाचणे, माप बत्तिसाने भागणे, शतांश मिलिमीटरचा फरक हाताला कळणे, दोन पदार्थ एकमेकांशी कसे वागतात ते जाणणे, ही कौशल्ये आयटीआयच्या फिटरला आणि टर्नरला लागतात तीच आहेत. ती या जिल्ह्यातल्या मुलांनी फक्त पंपाच्या दुरुस्तीसाठीच शिकावी आणि विमानाकडे नजर टाकू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरे, गरीब जिल्ह्यातल्या माणसाने फक्त गरजेच्याच वस्तूंत रस घ्यावा ही अपेक्षा बाहेरून लादलेली असते. होळीला डोंगरात जो साज चढवला जातो, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याच्या अंगावर जो शृंगार असतो, तो कुठल्या गरजेपोटी? नेमकेपणाची आणि देखणेपणाची ओढ या मातीत आधीपासून आहे.

राहिला त्रिमिती छपाईचा प्रश्न. घरगुती छपाई यंत्रामुळे विकतचे सुटे भाग लवकरच निरर्थक होतील, असे तरुण मंडळी म्हणतात. निम्मे बरोबर आहे. रेझिनची बारीक छपाई आता आसनाच्या शिवणीपर्यंत पोहोचली आहे आणि साच्याची अडचणच तिने काढून टाकली आहे. पण यंत्र छापते ते कोणीतरी रेखाटलेले असते, आणि रेखाटणाऱ्याने एसके आणि केएम-१ यांतला फरक पाहिला नसेल तर यंत्र तीच चूक निर्दोषपणे हजार वेळा छापेल. तंत्र बदलले, दाव्याचा प्रश्न जागच्या जागी. उलट आता तो आपल्या हातात आला आहे. एफएलचे एसके आसन, पुढे उघडणाऱ्या छत्रीची चौकट आणि जीपी-९ चा खोका, या तीन गोष्टी १/३२ मध्ये परदेशी कंपन्यांना मोठ्या खपाच्या वाटण्याचे कारण नाही. ज्यांना त्यांची गरज आहे ते बहुतेक भारतातच आहेत. त्या इथेच रेखाटाव्यात. पितळेची चौकट कोरायला फेरिक क्लोराइड लागते, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या करताना वापरतात तेच, आणि ते तंत्रनिकेतनाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असते. मोजमापासाठी एफएल अजून ठिकठिकाणी उभी आहेत. २०१३ च्या डिसेंबरात ती कलाईकुंड्याला निवृत्त झाली, त्यामुळे ती जोडणारे आणि दुरुस्त करणारे अनेक जण ओझर-नाशिक परिसरात आज निवृत्तीचे आयुष्य जगत आहेत. छत्रीची चौकट नेमकी किती रुंद होती आणि आसनाच्या मागचा दांडा कुठल्या रंगाचा होता, हे त्यांना विचारायला नंदुरबारहून साक्री-सटाणामार्गे दिवसाभराचा रस्ता आहे.